पाददारीत सिक्थतैल : लेपापूर्वीची परीक्षा

हेमंत ऋतू सुरू झाला की आपल्या सर्वांच्या चिकित्सालयांत एक तक्रार हमखास वाढते. भातझोडणी आटोपलेली असते, शेतातील कापसलेल्या तुसांवरून अनवाणी चालणे झालेले असते, वारा कोरडा होतो आणि टाचांना भेगा पडू लागतात. रुग्ण येतो, पाऊल पुढे करतो किंवा पुष्कळदा तेही करीत नाही. नुसते सांगतो की भेगांना मलम द्या. आपण सिक्थतैलाची डबी देतो. ही चिकित्सा इतकी सोपी, इतकी निरुपद्रवी आणि इतकी सवयीची आहे की तिच्याविषयी काही लिहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही मनात आले नसते. परंतु काही वर्षांपूर्वी याच निरुपद्रवी डबीने आम्हाला जो धडा दिला, तो समव्यावसायिक वैद्यबंधु-भगिनींसमोर मांडणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

एक रुग्णा, एक डबी

आमचे चिकित्सालय दक्षिण कोकणातील एका बाजारपेठेच्या गावी आहे. मार्गशीर्षातील सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस, बाहेर वीसेक रुग्ण ताटकळत बसलेले. छप्पन्न वर्षे वयाच्या एक शेतकरी काकी आल्या. दोन्ही टाचांना भेगा, तळपाय खरखरीत. त्यांनी पाय दाखविला तो चौकटीबाहेर उभ्या राहूनच, चिखलाने भरलेली चप्पल काढावी लागेल या संकोचाने. आम्हीही आग्रह केला नाही. 'पाददारी' असे लिहिले, सिक्थतैलाची डबी दिली, रात्री पाय धुऊन लावा असे सांगितले आणि पुढच्या रुग्णास हाक मारली.

तीन आठवड्यांनी काकी परत आल्या त्या मुलाच्या आधाराने. डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड फुटून काळवंडलेला होता, भोवती शोथ होता आणि त्यास दुर्गंध येत होता. झाले होते असे की, थंडीने सिक्थतैल डबीत घट्ट झाले. काकींनी ते पळीत घेऊन चुलीवर वितळविले आणि कढत असतानाच भेगांत ओतले. आम्ही विचारले, "काकी, एवढे गरम का ओतलेत?" त्या शांतपणे म्हणाल्या, "आमी भिरंडेल भरतव, तसाच ह्या भरलंय. चटको काय बसलो नाय."

चटका बसला नाही. हे शब्द ऐकले आणि आम्ही त्यांचा जुना केसपेपर शोधून काढला. दोन वर्षांपूर्वी त्या खोकल्यासाठी आल्या होत्या. त्या वेळी आमच्याच हस्ताक्षरात एक ओळ होती : मधुमेह, सात वर्षे, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सुरू. त्या सोमवारी आम्ही ते पान उलटले नव्हते. पायांची संवेदना गेलेली होती आणि ते ना काकींना ठाऊक होते, ना आम्हाला.

त्यांना तातडीने शल्यचिकित्सकांकडे पाठविले. व्रण भरून येण्यास चार महिने लागले. पाऊल वाचले, टाचेचा थोडा भाग मात्र कायमचा खोलगट राहिला. काकींनी आम्हाला कधी दोष दिला नाही. तो आम्ही स्वतःला दिला, आणि तो योग्यच होता.

कोरडेपणा हे लक्षण आहे, निदान नव्हे

तळहात व तळपाय यांच्या त्वचेत स्नेहग्रंथी नसतात. तेथे ओलावा राहतो तो मुख्यतः स्वेदामुळे. दीर्घकालीन मधुमेहात स्पर्श जाणणाऱ्या नाड्यांप्रमाणेच स्वेदप्रवर्तन करणाऱ्या सूक्ष्म नाड्याही क्षीण होतात. पाऊल घामेजत नाही, कोरडे पडते, त्वचा जाड व ताठर होते आणि चालताना पडणाऱ्या ताणाने फाटते. म्हणजे ज्या कारणाने भेग पडते, त्याच कारणाने ती दुखत नाही. रुग्णाला वाटते की थंडीने पाय फुटले. वैद्यालाही तसेच वाटले, तर दोघेही एकाच खड्ड्यात पडतात.

आपले ग्रंथ या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक सावध आहेत. सुश्रुताचार्यांनी पाददारीचे वर्णन क्षुद्ररोगांत केले असून अति चालणाऱ्याच्या रूक्ष पायांत वायू भेगा उत्पन्न करतो असे सांगितले आहे. चरकाचार्यांनी हातापायांचे फुटणे विपादिका या नावाने क्षुद्रकुष्ठांत घेतले आणि त्यासोबत तीव्र वेदना हे लक्षण दिले. वेदना आहे की नाही, हा प्रश्न तेथे निदानाचाच एक भाग आहे. त्याच संहितेत प्रमेहाच्या पूर्वरूपांत अंगांचा दाह आणि सुप्तता यांचा उल्लेख येतो. हे तीन संदर्भ आपण पदवीच्या अभ्यासक्रमात तीन वेगवेगळ्या प्रकरणांत शिकतो आणि परीक्षेनंतर ते वेगवेगळेच ठेवतो. काकींच्या टाचेवर ते एकत्र आले होते.

सुप्ततेचे आणखी एक कारण विसरता कामा नये. कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे आपल्या देशाने २००५ अखेर जाहीर केले. त्याचा अर्थ दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. रोग संपला असा नव्हता. कोरडे, बधिर पाऊल आणि अंगावर कोठेही फिकट किंवा लालसर, संवेदनाहीन चट्टा दिसल्यास रुग्णास शासकीय रुग्णालयात तपासणीसाठी पाठवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. अशा रुग्णास नुसते मलम देऊन महिनाभर घरी ठेवणे म्हणजे त्याच्या नाड्यांची हानी वाढू देणे होय.

सिक्थतैल नेमके काय करते

प्रस्तुत घटनेमुळे सिक्थतैलावर ठपका येऊ नये. कल्प उत्तम आहे. रसतरंगिणीत मलहर कल्पनेचा आधार म्हणून ते येते. एक भाग शुद्ध मेण आणि पाच ते सहा भाग तिळतेल मंदाग्नीवर एकजीव करून, गाळून, थंड होईपर्यंत ढवळत राहावे, ही त्याची सर्वपरिचित कृती. मेणाचा पातळ थर त्वचेवर बसतो व आतील ओलावा उडून जाण्यास अटकाव करतो. तिळतेल कठीण झालेल्या थरास मृदू करते. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी पेटंट घेतलेली व्हॅसलीन ही पेट्रोलियम जेलीदेखील याच तत्त्वावर चालते. ओलावा अडविण्यात ती अधिक समर्थ आहे. मात्र ती खनिज पदार्थ आहे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, असे मलम ओलावा निर्माण करीत नाही, असलेला राखते. म्हणून ते कोरड्याठाक पायावर लावण्यापेक्षा पाय धुऊन, टिपून, त्वचा किंचित दमट असतानाच दोन-तीन मिनिटांत लावणे अधिक फलदायी होय. दुसरी, जो थर ओलावा आत कोंडतो तो इतर गोष्टीही आत कोंडतो. स्रवणारा व्रण, पूययुक्त भेग, बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या यांवर स्निग्ध मलमाचा थर देणे म्हणजे जंतूंना पांघरूण घालणे. अशा सस्राव अवस्थेत आधी शोधन, मग रोपण आणि शेवटी स्नेह, हा क्रम मोडू नये. सुश्रुताचार्यांनीही पाददारीत प्रथम सिरावेध, स्नेहन व स्वेदन सांगून मगच मेण, वसा, मज्जा, राळ, घृत, यवक्षार व गैरिक यांचा पादलेप सांगितला आहे. लेप हा चिकित्सेचा अंत आहे, आरंभ नव्हे. येथे आणखी एक खुलासा आवश्यक वाटतो. बधिर पायास स्वेदन किंवा रक्तमोक्षण करण्याचे धाडस करू नये. तेथे या क्रमातील तत्त्व घ्यावे, कृती जशीच्या तशी नव्हे.

दाह, लाली व उष्ण स्पर्श प्रधान असेल, तर सिक्थतैलापेक्षा शतधौत घृत अधिक सोसते. तांब्याच्या भांड्यात शंभर वेळा पाण्याने धुतल्यावर तुपाचा रवाळपणा जाऊन ते लोण्यासारखे शुभ्र व मऊ होते. मात्र त्यात पाण्याचा अंश राहतो. म्हणून धुण्यास उकळून गार केलेले पाणी घ्यावे, कल्प थोडाच करावा, थंड जागी ठेवावा आणि खवट वास किंवा बुरशी दिसताच टाकून द्यावा. मोठा घाणा करून वर्षभर पुरविण्याचा हा कल्प नव्हे.

भिरंडेल आणि उष्णतेचे गणित

काकींनी केलेली कृती मूर्खपणाची नव्हती. ती परंपरागत होती. कोकण व गोव्यात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, म्हणजेच भिरंडेल, विस्तवावर मऊ करून भेगांत भरण्याची रीत घरोघरी आहे. कोकमाचे हे तेल सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते. अंगाच्या उष्णतेहून ते थोडेच अधिक झाले. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या ते वापरूनही फारसे कोणी भाजले नाही. पुन्हा, भरणाऱ्याच्या टाचेस संवेदना होती. जास्त गरम झाले तर पाय आपोआप मागे येत असे. या रीतीतील सुरक्षितता तेलात होती तशीच त्या पायातही होती.

मेणाचे तसे नाही. शुद्ध मधमाशीचे मेण वितळण्यास ६२ ते ६४ अंश लागतात. तेलात मिसळल्यावर हा अंक खाली येतो, परंतु चुलीवरील पळीत द्रव किती तापला हे डोळ्यांना दिसत नाही. ६० अंशांचे पाणी त्वचेवर पाच सेकंद राहिले तरी खोल भाजते. मेणतेल तर पाण्यासारखे ओघळून जात नाही; ते जेथे ओतावे तेथेच चिकटून गोठते आणि आपली सर्व उष्णता त्वचेस देते. संवेदनाहीन टाचेत ते ओतले तर काय होते, हे आम्ही पाहिले आहे.

सिक्थतैल गरम न करता लावता आले पाहिजे, ही जबाबदारी रुग्णाची नसून ते बनविणाऱ्याची आहे. तेव्हापासून आम्ही हेमंत-शिशिरात मेणाचे प्रमाण कमी ठेवून एकास सहा, आणि उन्हाळ्यात एकास पाच असा कल्प करतो. बोटाने सहज निघून तळहातावर घासताच पसरते, एवढीच त्याची कसोटी. भिरंडेलाचाही गोळा तळहातावर चोळून मऊ होईल तेवढाच लावावा, असे आम्ही आता सांगतो. बाजारातील रंगीत मेणबत्तीचे मेण भेगांत भरणाऱ्यांनाही रोखावे लागते. ते बहुधा खनिज मेण असते व त्यात रंग मिसळलेले असतात.

दोन मिनिटांची परीक्षा

आता टाचेस भेगा असलेल्या कोणत्याही प्रौढ रुग्णास आम्ही पुढील परीक्षा केल्याशिवाय डबी देत नाही. यास दोन मिनिटे पुरतात, बाजाराच्या दिवशीसुद्धा.

प्रथम दोन्ही चपला काढावयास सांगावे व पाय धुऊन यावयास सांगावे. दारात बादली आणि तांब्या ठेवला की संकोच उरत नाही. नंतर दर्शन : भेगेची खोली, रक्त, स्राव, भोवतीची लाली, बोटांच्या बेचक्या, कुरूप, नखे, पावलाची ठेवण. मग स्पर्शन : हाताच्या पाठीने दोन्ही पायांची उष्णता ताडून पाहावी; पावलाच्या पाठीवरील आणि घोट्याच्या आतील बाजूची नाडी चाचपावी. त्यानंतर रुग्णास डोळे मिटावयास सांगून आपल्या तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांच्या अंगठ्यास, मधल्या बोटास व करंगळीस एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, चोळू नये. या सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाऊल धोक्यात आहे असे समजावे. ज्यांच्याकडे १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट अथवा १२८ हर्ट्झचा कंपस्वर आहे त्यांनी तो अवश्य वापरावा. परंतु साधन नाही म्हणून परीक्षा टळली, असे होऊ नये.

शेवटी तीन प्रश्न. मधुमेह आहे का, रक्तातील साखर कधी तपासली? भेगा दुखतात का? घरी यापूर्वी काय काय लावले? दुसऱ्या प्रश्नास "नाही, दुखत काहीच नाही" असे उत्तर आले आणि समोर खोल भेग दिसत असली, तर त्या उत्तराने आपल्याला समाधान नव्हे, चिंता वाटली पाहिजे.

तिसऱ्या प्रश्नाचेही महत्त्व आहे. रुग्ण कित्येकदा खिशातून एखादी ट्यूब काढून दाखवितात. तीत तीव्र स्टिरॉइड आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण असते. अशा ट्यूबने लाली तात्पुरती दबते, त्वचा पातळ होते आणि दादाचे मूळ स्वरूप ओळखू येईनासे होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टिरॉइडांचा समावेश अनुसूची एचमध्ये केला. म्हणजे चिठ्ठीवाचून त्यांची विक्री बेकायदेशीर ठरली. बिनलेबलाच्या डबीतील 'गुणकारी' मलमाविषयीही तितकाच संशय बाळगावा. आणि हा संशय आपल्या स्वतःच्या फळीवरील डब्यांनाही लावावा. पारद, सिंदूर किंवा तुत्थ असलेले मलहर फाटलेल्या त्वचेवर, विस्तीर्ण भागावर, बालकांस व गर्भिणीस नुसते 'त्वचारक्षक' म्हणून कधीही देऊ नयेत.

रुग्णास द्यावयाच्या सूचना

आम्ही डबीसोबत मराठीत छापलेला एक कागद देतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरच्यांस तो वाचून दाखवितो. त्यातील सूचना अशा :

१. मलम गरम करू नये. घट्ट वाटल्यास तळहातावर चोळून मऊ करावे. हीच सूचना डबीच्या झाकणावरही मोठ्या अक्षरांत चिकटविलेली असते.

२. पाय कोमट पाण्याने धुवावेत. मधुमेह असल्यास पाय भिजवत ठेवू नयेत आणि पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने किंवा घरातील दुसऱ्या माणसाच्या हाताने पाहावे.

३. पाय टिपून, बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करून टाच, तळवा व कडा यांवर मलम लावावे. बेचक्यांत लावू नये.

४. एका पावलास सुमारे एक ग्रॅम पुरते. भेग बुजेपर्यंत थापण्याची गरज नाही.

५. प्रथमच वापरताना कोपराच्या आतील बाजूस रोज दोनदा, सात दिवस थोडे लावून पाहावे. खाज, पुरळ किंवा आग झाल्यास थांबवावे. मेणातील अशुद्धी किंवा राळ काहींना सोसत नाही.

६. लावल्यावर सुती मोजे घालावेत. तेलकट पायाने फरशीवर चालू नये. वृद्धांस घसरून पडण्याचा धोका भेगांहून मोठा आहे.

७. मलम लागलेले मोजे, पायपुसणे व चादर चूल, शेकोटी, समई, विडी यांपासून दूर ठेवावीत.

८. ब्लेडने भेगांच्या कडा कापू नयेत. मधुमेहात कुरूपाची औषधी पट्टी लावू नये.

९. रक्त, पू, दुर्गंध, काळेपणा, सूज, ताप, किंवा सात दिवसांत उतार नसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी यावे. वेदना होण्याची वाट पाहू नये.

सातव्या सूचनेविषयी थोडे अधिक. त्वचा मऊ राखणारी मलमे कपड्यांत मुरली की ते कापड सहज पेट घेते व वेगाने जळते, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला. खनिज मेण नसलेल्या मलमांचाही त्यात समावेश होता, आणि कपडे धुतल्याने तो अंश पूर्णपणे निघेलच असे नाही, हेही त्यांनी सांगितले. मेण आणि तेलात भिजलेली कापडी वात कशी जळते हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही पायास मलम चोपडून शेकोटीपाशी पाय शेकत बसलेला रुग्ण आपण सर्वांनी पाहिला आहे. आणि त्यास आपण काहीच बोललो नाही, हेही खरे.

समारोप

काकी अजूनही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतात. न सांगता चप्पल काढतात, तांब्याने पाय धुतात आणि डोळे मिटून बसतात. आमचे बोट लागलेले त्यांना डाव्या पायाच्या एकाही बोटावर कळत नाही. त्यांची सून रोज रात्री त्यांचे दोन्ही तळवे पाहते आणि मलमही तीच लावते. गेल्या तीन हिवाळ्यांत त्यांच्या टाचेस नवी भेग पडलेली नाही. औषध तेच आहे, सिक्थतैल. बदलली ती फक्त आमची पद्धत.

त्वचेवर लावावयाचे औषध निर्धोकच असते, असा समज रुग्णांत आहे आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर आपल्यातही आहे. मलम त्वचेचे रक्षण करते, परंतु त्वचेखाली काय चालले आहे ते पाहण्याचे काम वैद्याचे आहे. येत्या हेमंतात भेगांसाठी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची चप्पल काढून घ्यावी, जुना केसपेपर उलटून पाहावा आणि मगच डबीस हात लावावा, एवढीच सर्व वैद्यबंधु-भगिनींस नम्र विनंती.